पाणथळीचा राखणदार

ज्या गोष्टीचा उपयोग आपल्याला लगेच दिसत नाही, तिला निरुपयोगी म्हणून आपण मोकळे होतो. चिखल, लव्हाळे आणि गुडघाभर पाणी असलेली जागा दिसली, की ती बुजवावी किंवा नांगराखाली आणावी, असे पुष्कळांच्या मनात येते. अशाच एका पाणथळ जागेसाठी एका थोर पक्षिशास्त्रज्ञाने आपली सारी विद्या पणाला लावली. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील व तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीतील आपल्या घरी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. मामांना शिकारीचा शोक होता, तेव्हा भाच्याच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती, आणि मामांनाही तिची जात सांगता येईना. म्हणून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. भीतभीत गेलेल्या त्या मुलाला मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले व पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा मोठा संग्रह दाखविला. मुलगा थक्क झाला. पक्ष्यांना नेम धरून पाहणारी दृष्टी त्या दिवसापासून पालटू लागली.

पुढचा मार्ग सुगम नव्हता. तरुणपणी काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेली. परतल्यावर त्यांनी मुंबईत प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले; परंतु विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे हवी ती नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काही काळ काम करून ते बर्लिनला गेले आणि स्ट्रेसेमान या नामवंत पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली मायदेशी परततात तो जुनी जागाही पैशाअभावी रद्द झालेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. अनेक महिने त्यांनी ती नित्य न्याहाळली. घरटे विणणारा कारागीर नर असतो, मादी ते पारखून पसंत करते आणि त्यानंतर नर दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी टिपून ठेवले. आधी पाहावे, मग नोंदवावे आणि त्यानंतरच बोलावे, हा त्यांचा जन्मभराचा नेम झाला. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले व त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

राजस्थानातील भरतपूरजवळ सुमारे २९ चौरस किलोमीटरांची केवलादेव घना नावाची पाणथळ आहे. अजान बांधाच्या पाण्याने ती भरते आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके तेथे उतरतात. संस्थानी काळात ती राजेलोकांची शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर निराळे संकट आले. देशात धान्याचा तुटवडा होता. ही दलदल कोरडी करून शेतीसाठी वाटावी, अशी मागणी पुढे आली. मागणी करणारे दुष्ट नव्हते. त्यांना जमीन हवी होती. पण अशी जागा पावसाचे पाणी साठविते, ते जमिनीत मुरविते, पुराचा वेग आवरते आणि मासे व पक्षी यांना आसरा देते. एकदा तिचे शेत झाले, की हे सारे जाते. सलीम अलींनी हा प्रश्न पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला आणि पाणथळ वाचली. १९५६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. पुढे सोसायटीने तेथे पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून त्यांना सोडले. त्यांतील काही हजारो किलोमीटरांवरील सायबेरियात सापडले, तेव्हा या पाणथळीचे नाते किती दूरवर पोहोचते ते कळले. १९८१ साली ती जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली.

या कथेचा पुढील भाग अधिक बोधप्रद आहे. म्हशींच्या चरण्याने पाणथळीची हानी होते, असे अनेक जाणकार मानीत. सलीम अलींचेही मत तसेच होते. १९८२ साली चराई बंद झाली. ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत, ते गावकरी संतापले. तंटा वाढला, गोळीबार झाला आणि काहींचे प्राण गेले. त्याच सुमारास सोसायटीचे संशोधक तेथे वर्षानुवर्षे नोंदी करीत होते. म्हशी नाहीशा होताच पाण्यात गवत माजले, मोकळे पाणी आटोपले आणि बदकांची संख्या घटली, असे त्या नोंदींतून दिसून आले. सलीम अली २० जून १९८७ रोजी वारले; हा अभ्यास त्यांच्या पश्चात पूर्ण झाला. त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीनेच त्यांचे एक मत खोडून काढले. खऱ्या शास्त्रज्ञाचा याहून मोठा गौरव कोणता? पुढे गावकऱ्यांना तेथील गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

संकटे मात्र संपली नाहीत. गंभीर नदीवरील पांचना धरणामुळे या पाणथळीचे पाणी तुटले व अन्य ठिकाणाहून ते आणावे लागले. तेथे येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर आलेच नाहीत. प्रवासाच्या वाटेवरचे सगळे मुक्काम सुरक्षित नसतील, तर एकच मुक्काम राखून भागत नाही.

भरतपूरची पाणथळ माणसाने बांधलेल्या बांधामुळे टिकली आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झाले, आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. मग पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव, आर्वी तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीची डबकी व काठ, किंवा तुमच्या गावचे साधे तळे, यांना क्षुल्लक का मानावे? त्यांत केरकचरा पडतो, सांडपाणी मिसळते, कडेने भराव घालून घरे उठतात. मुलांनो, हिवाळ्यातील एखाद्या सकाळी वही घेऊन तळ्याच्या काठी शांत बसा. कोणते पक्षी आले, किती आले, काय खात होते, ते तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा जा आणि दोन्ही नोंदी ताडून पाहा. ज्याने तळे असे पाहिले, तो ते बुजविताना गप्प बसणार नाही.