मस्कतचे जयकर डॉक्टर

उन्हाळ्यात ओमानमध्ये तू फोटो काढतोस तरी कशाचे, असं मला इथले मित्रही विचारतात आणि पुण्याचे नातेवाईकही. प्रश्न रास्तच आहे. जून ते ऑगस्ट मस्कतचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. २०१८ च्या जूनमध्ये इथून जवळच्याच कुरियात गावात रात्रीसुद्धा तो ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता, जगभर त्याची बातमी झाली होती. शाळांना सुट्ट्या, बायकामुलं भारतात, मंडळाचे कार्यक्रम बंद. मागे उरतो आमच्यासारखा उन्हाळी ब्रह्मचाऱ्यांचा वर्ग. कुणी पत्ते कुटतं, कुणी मालिका बघतं. मी शुक्रवारी पहाटे चारला उठून वादीत जातो. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारं, बहुतेक वेळ कोरडं असलेलं नदीचं पात्र.

या छंदाचे उन्हाळी नियम वेगळे आहेत. कॅमेरा गाडीच्या एसीत ठेवायचा नाही, डिकीत ठेवायचा. नाहीतर दमट हवेत बाहेर काढताक्षणी लेन्सवर धुकं धरतं आणि ते जाईपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. साडेपाचच्या आत जागेवर बसायचं आणि आठला घरी निघायचं. त्यानंतर दगड तापतात, हवा थरथरायला लागते आणि लांब लेन्सनं काढलेला प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा हलतो. पण त्या अडीच-तीन तासांत वादीत पाण्याची जी डबकी शिल्लक असतात, त्यांच्याभोवती सगळं जग गोळा होतं. हिवाळ्यात दहा मैल चालून जे दिसत नाही, ते उन्हाळ्यात एका जागी बसून दिसतं.

असाच एकदा हजर पर्वतातल्या एका वादीत खडकावर एक मोठा सरडा मिळाला. करड्या-तपकिरी अंगावर गर्द ठिपके, शेपटीसकट दीड फुटाच्या आसपास. घरी येऊन पुस्तकात नाव शोधलं: ओमानोसोरा जयकरी. जयकरी? हे तर आपलं आडनाव! त्या दिवसापासून मी जयकर डॉक्टरांच्या मागे लागलो.

आत्माराम सदाशिव जयकर यांचा जन्म १८४४ चा. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेले. त्या काळी या नोकरीत भारतीय माणसं फार थोडी होती. मस्कतला ब्रिटिशांची एजन्सी होती, तिथे डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि एकोणिसाव्या शतकाची शेवटची जवळजवळ तीन दशकं त्यांनी इथे काढली. हंगामी पोलिटिकल एजंटचं कामही त्यांनी अधूनमधून सांभाळलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा होता.

तेव्हाचं मस्कत डोळ्यांसमोर आणा. आजचे रुंद रस्ते आणि मॉल नाहीत. जलाली आणि मिरानी या दोन किल्ल्यांच्या मधलं बंदर, तटबंदीतलं छोटंसं गाव आणि तिन्ही बाजूंनी काळे उघडे डोंगर. दिवसभर तापलेला तो दगड रात्रभर उष्णता ओकत राहतो. वीज नाही, पंखा नाही. ज्यांना परवडे ती मंडळी उन्हाळ्यात सीब आणि बातिनाच्या खजुराच्या बागांकडे निघून जात. नोकरीवरच्या डॉक्टरला मात्र तिथेच राहणं भाग. अशा गावात पोस्टिंग म्हणजे अनेकांना शिक्षाच वाटायची.

जयकरांनी मात्र आजूबाजूला बघायला सुरुवात केली. आधी डॉक्टर म्हणून: मस्कतची हवा, पाणी, राहणीमान आणि रोग यांवर त्यांनी सरकारी अहवालासाठी सविस्तर लिहिलं. मग समुद्राकडे. तिथे मिळणारे मासे ते गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवू लागले. तिथले जॉर्ज बूलेंजर यांनी १८८७ पासून पुढे काही वर्षं या माशांवर एकामागून एक लेख प्रसिद्ध केले आणि त्यांच्या शीर्षकातच सर्जन-मेजर जयकरांचं नाव घातलं. माझा सरडा १८८७ चा. पुढच्याच वर्षी वाळूत राहणारा एक साप त्यांच्या नावानं ओळखला जाऊ लागला, एरिक्स जयकरी. त्याचे डोळे डोक्याच्या अगदी वर असतात, म्हणजे अंग वाळूत पुरून नुसते डोळे बाहेर ठेवता येतात. १९०० मध्ये एका समुद्रघोड्यालाही त्यांचं नाव मिळालं.

सगळ्यांत मोठा मान १८९४ चा. ताहर नावाचा रानबोकडासारखा प्राणी तोवर शास्त्रज्ञांना फक्त हिमालयात आणि निलगिरीत माहीत होता. मुन्नारला गेलेल्यांनी निलगिरी ताहर पाहिला असेलच. तसाच एक प्राणी अरबस्तानातही आहे, हे जयकरांनी मिळवलेल्या नमुन्यांवरून कळलं आणि ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याला जयकरांचं नाव दिलं. २००५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की हे तिन्ही ताहर एकमेकांचे सख्खे भाऊ नाहीतच. तेव्हा अरबी ताहरला स्वतंत्र कूळ मिळालं. आज त्याचं शास्त्रीय नाव अरॅबिट्रॅगस जयकरी. पहिलं नाव बदललं, जयकर राहिले.

आता कुणी म्हणेल, आपण फोटो काढतो आणि प्राण्याला सोडून देतो, ते तर मारून स्पिरिटच्या बाटलीत घालत होते. खरं आहे. तेव्हाचे काचेच्या पट्ट्यांचे कॅमेरे खडकावरून सटकणाऱ्या सरड्यासाठी नव्हते. नमुना हाच पुरावा होता. पण या बाटल्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. मासा कोळ्याकडून मिळतो, ताहर डोंगरात राहणाऱ्यांकडून कळतो. त्या लोकांशी बोलता आलं नसतं तर हे काम झालंच नसतं.

आणि बोलणं ते कसं! ओमानी अरबी ही पुस्तकी अरबीपेक्षा वेगळी. जयकर ती नुसती शिकले नाहीत, तिचं व्याकरण आणि शब्द नोंदवून १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी दीर्घ लेख लिहिला. मुसंदमच्या शिही लोकांच्या बोलीवरही लिहिलं. ओमानी म्हणी गोळा केल्या, त्या सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये छापून आल्या. फोर्टातल्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर तुम्ही कधी बसला असाल, तर तीच ही संस्था. निवृत्तीनंतर त्यांनी चौदाव्या शतकातल्या अद-दमीरी या इजिप्शियन विद्वानाच्या प्राणीकोशाचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. प्राण्याचं वर्णन, त्याचं मांस खावं की नाही, त्याच्यावरच्या म्हणी, तो स्वप्नात दिसला तर अर्थ काय, असं सगळं त्या कोशात आहे. प्राणी आणि अरबी, त्यांचे दोन्ही छंद एकाच पुस्तकात. १९०६ आणि १९०८ मध्ये भाग निघाले. काम पुरं झालं नाही. १९११ मध्ये जयकर गेले.

हे सगळं मी आपल्या लोकांना सांगतो, त्याला एक कारण आहे. आखातात आपण किती वर्षं राहिलो तरी मनानं पाहुणेच असतो. दर काही वर्षांनी रेसिडेंट कार्डाचं नूतनीकरण, मनात सतत परतीचा हिशोब. बारा-पंधरा वर्षं राहूनही शुक्रन आणि खलास यापलीकडे अरबी न येणारे आपल्यात कमी नाहीत. माझाही करार या डिसेंबरात संपतोय, पुढचा उन्हाळा इथे असेन का ठाऊक नाही. जयकरांचीही ती नोकरीच होती, बदली कधीही होऊ शकली असती. पण इथे कायमचं राहायचं की नाही याचं उत्तर मिळेपर्यंत ते थांबून राहिलेले दिसत नाहीत.

म्हणून या उन्हाळ्यात ज्यांच्या हातात कॅमेरा आहे, नुसता मोबाईल असला तरी चालेल, त्यांना एवढंच सांगणं. फोटोसोबत तारीख आणि जागा लिहा, आणि आय-नॅचरलिस्ट किंवा ई-बर्डवर नोंद टाका. तारीख-जागा असलेला फोटो म्हणजे आजच्या काळातला बाटलीतला नमुनाच, तोही कुणाचा जीव न घेता. दुर्मीळ प्राणी असेल तर अचूक जागा मात्र उघड करू नका. रास अल जिंझला उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तिथे फ्लॅश वापरायचा नाही. आणि वादीत भेटलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला त्या प्राण्याचं स्थानिक नाव विचारा, तो आनंदानं सांगतो.

ताहर मला अजून दिसलेला नाही. आज तो धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोडतो. वादी सरीनच्या परिसरात १९७० च्या दशकापासून त्याला संरक्षण आहे आणि राखणीचं काम तिथलेच गावकरी करतात. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्याला पाणी प्यायला उंच कड्यांवरून खाली उतरावंच लागतं, असं जाणकार सांगतात. परवानगीसाठी अर्ज करणार आहे. ती मिळाली आणि नशिबानं साथ दिली, तर फोटोखाली अरॅबिट्रॅगस जयकरी, तारीख आणि तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलं त्याचं नाव, असं तिन्ही लिहीन.