खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी तांबरम ओलांडून पुढे निघाली, की चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळ कोविल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. तेथील प्राचीन नरसिंहमंदिरामुळे गावास हे नाव पडले. मराठी रसिकांच्या दृष्टीने मात्र या स्थानकास आणखी एक महत्त्व आहे. किराणा घराण्याचे अग्रणी गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी २७ ऑक्टोबर १९३७ रोजी याच स्थानकाच्या फलाटावर देह ठेवला. मिरजेचा हा महान गायक आपल्या या तमिळभूमीत निवर्तला, याचे स्मरण चेन्नईच्या मराठी मंडळाने सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी करावे, हे उचितच होय. तथापि केवळ चरित्र सांगून थांबण्याचा आमचा हेतू नाही. खाँसाहेबांचा जो आवाज आज आपल्या घराघरांत ऐकला जातो, तो खरोखर त्यांचाच आहे काय, हाही प्रश्न त्यांच्या चरित्राशी निगडित आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. घराणे गवयांचे, वडील काले खाँ हेच पहिले गुरू. तरुणपणी ते बडोद्यास आले, आणि तेथेच सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे उभयतांनी बडोदे सोडले आणि मिरजेस आपला संसार थाटला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांची अपत्ये. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. ज्या मुलांनी पुढे महाराष्ट्राचे संगीत समृद्ध केले, ती पित्याच्या नावाने ओळखली गेली नाहीत. खाँसाहेबांच्या गायनात जो करुण आर्जवाचा स्वर पुढे अधिकाधिक गहिरा होत गेला, त्याचा या वियोगाशी संबंध अनेक रसिक जोडतात. त्याविषयी निश्चयाने बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु तो स्वर कानी पडताच तसे मनात आल्यावाचून राहत नाही, हेही खरे.

मिरज हे त्यांचे घरही होते आणि श्रद्धास्थानही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी ते गायनसेवा करीत. तंबोऱ्यांसाठी विख्यात असलेल्या या नगरीत तंबोरा लावणे ही त्यांच्या लेखी केवळ पूर्वतयारी नव्हती, ती साधनाच होती. आर्य संगीत विद्यालयाच्या द्वारे त्यांनी शिष्य तयार केले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांतील थोर नाव. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स हे श्रुतींचा शास्त्रीय शोध घेत होते, तेव्हा सूक्ष्म स्वरांतरे गळ्यातून सिद्ध करून दाखविण्याचे कार्य खाँसाहेबांनी केले. सुराच्या केसाएवढ्या भेदासाठी आयुष्य वेचणारा हा पुरुष होता, एवढे वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढील विवेचनात त्याचे प्रयोजन आहे.

दक्षिणेशी त्यांचा संबंध अखेरच्या प्रवासापुरता नव्हता. म्हैसूरच्या दरबारात ते वारंवार जात, आणि जाता-येता धारवाडास मुक्काम करीत. कर्नाटक संगीताचा त्यांनी आस्थेने अभ्यास केला. त्यांच्या गायकीतील सरगमावर त्या अभ्यासाचा ठसा स्पष्ट दिसतो. खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि मानापमान नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे मराठी पदही केले. कैरान्याचा गवई, मिरजेचा रहिवासी, मराठी नाट्यपदाचा गायक आणि त्यागराजांचा उपासक ही चारही नाती एकाच व्यक्तीच्या ठायी नांदत होती. परप्रांतात राहूनही आपले मराठीपण जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उदाहरण विशेष जवळचे वाटावे.

आता ध्वनिमुद्रिकांकडे वळू. खाँसाहेबांची मुद्रणे दोन कालखंडांतील आहेत. पहिली १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी झाली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे, आणि आवाजाच्या दाबाने हलणाऱ्या सुईने मेणाच्या तबकडीवर खाच कोरावयाची, अशी ती पद्धती होती. फार मंद आणि फार तीव्र ध्वनी त्यात उमटत नसत. मुद्रणासाठी मोठ्याने गाणे भाग पडे. तंबोऱ्याचा नाजूक झंकार तर बहुतांशी बाहेरच राही. दुसरी मुद्रणे १९३४ ते १९३६ या काळात ओडियन कंपनीसाठी झाली. मध्यंतरी १९२५ पासून विद्युत्-मुद्रणाचे युग सुरू झाले होते. मायक्रोफोनमुळे गायकास ओरडण्याचे कारण उरले नाही. बसंत, झिंझोटीतील ठुमरी, जोगिया, भैरवी ही त्यांची अजरामर मुद्रणे या काळातील होत. सुमारे ३ मिनिटांच्या अवधीत, कोठेही घाई न करता, रागाचे संपूर्ण दर्शन त्यांनी घडविले. दोन्ही काळांतील मुद्रणे लागोपाठ ऐकल्यास तीस वर्षांत गायक किती बदलला आणि यंत्र किती बदलले, असे दोन निराळे फरक आपणांस जाणवतात. ते एकमेकांत मिसळू न देणे हीच ऐकणाऱ्याची पहिली कसोटी.

ही सर्व मुद्रणे मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाची आहेत. दोन ध्वनिमार्गांच्या स्टिरिओ मुद्रणाचे एकस्व अॅलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या अखेरीस मागितले असले, तरी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. तोवर खाँसाहेबांना जाऊन वीस वर्षे लोटली होती. अर्थात त्यांचे खरे स्टिरिओ मुद्रण असणे शक्यच नाही. परंतु लाँग-प्ले तबकड्यांच्या काळात जगभरच्या कंपन्यांनी जुन्या मोनो मुद्रणांना यंत्राच्या साहाय्याने स्टिरिओचा साज चढविण्याची प्रथा पाडली. मंद्र ध्वनी एका बाजूस, तीव्र ध्वनी दुसऱ्या बाजूस ठेवावयाचा, एक बाजू क्षणांशाने मागे रेंगाळू द्यावयाची आणि थोडा प्रतिध्वनी मिसळावयाचा, अशी ही क्रिया. आज भ्रमणध्वनीवर जुनी गाणी ऐकविणारी मंडळी संगणकाच्या साहाय्याने हेच करीत असतात.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. वाद्यवृंदाच्या गाण्यात कदाचित फारसे बिघडत नाही. पण खाँसाहेबांच्या गाण्यात सूर हाच सर्वस्व आहे. मंद्रातून तारसप्तकाकडे अखंड जाणारी मींड अशा मुद्रणात एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकू लागते, आणि गायक जणू जागा सोडून फिरतो असा भास होतो. क्षणांशाच्या विलंबामुळे सुराची कड बोथट होते. ज्या श्रुतिभेदासाठी त्यांनी जन्म वेचला, नेमका तोच पुसट होतो. यात हानी यंत्राची नव्हे, गायकाच्या आयुष्यभराच्या श्रमाची होते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातही हाच अनुभव आहे. १९६७ पर्यंत बीटल्स या विख्यात वृंदाच्या गाण्यांच्या मोनो प्रतीवर अधिक परिश्रम घेतले जात. म्हणूनच २००९ साली त्यांची मोनो मुद्रणे स्वतंत्र संचरूपाने पुन्हा काढण्यात आली. मात्र यावरून स्टिरिओस दोष देणे अन्याय्य होईल. मुळातच त्या पद्धतीने झालेल्या मैफलीत दोन बाजूंचे तंबोरे आणि मधोमध गायक ऐकणे हा आनंदच असतो. आमचा आक्षेप आहे तो जे मुळात नव्हते ते मागाहून चिकटविण्यास.

म्हणून आमची सूचना अशी, की एकच ठुमरी दोन्ही रूपांत, आवाज सारखा ठेवून, ऐकावी, आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी गळा कोठे एकजीव होतो तेवढेच पाहावे. घरी जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी असल्यास तिला लाँग-प्लेची बारीक सुई लावू नये. तिची खाच रुंद असते. स्टिरिओ यंत्रावर मोनोची कळ दाबावी. अशा तबकडीतील आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीतून केवळ खरखर येते, ती या कळीने बरीच निवळते. गतीकडेही लक्ष असावे. तबकडी मिनिटास साडेचार-पाच फेरे अधिक फिरली, तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि प्रौढ गायकाचा आवाज कोवळा वाटू लागतो.

एका ध्वनिमार्गाचे सामर्थ्य किती असते, याचा दाखला पंडित भीमसेन जोशी यांच्या चरित्रात आहे. बालवयात खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गाणे शिकण्याचा ध्यास लागला, हे ते स्वतः सांगत असत. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले. खाँसाहेबांची परंपरा अशा रीतीने एका साध्या तबकडीतूनही पुढे वाहिली.

१९३७ च्या त्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेस गायनासाठी आले होते. तेथून ते रेल्वेने पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाकडे निघाले. वाटेत छातीत कळा येऊ लागल्याने ते सिंगपेरुमाळ कोविलला उतरले. फलाटावर अंथरूण घालविले, तंबोरा लावून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत परमेश्वराची प्रार्थना करीत ते शांत झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचा देह मिरजेस नेण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना चिरविश्रांती मिळाली. तेथे त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी गायनसेवा होत आली आहे.

अखेरच्या घटकेसही ज्यांनी आधी तंबोरा जुळवून घेतला, त्यांचा सूर पुढच्या पिढीच्या हाती देताना आपणही तेवढीच काळजी घ्यावी. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी संगीताची पहिली ओळख बहुधा यंत्रातूनच होणार. ती ओळख साधी, खरखरीची, पण खरी असावी, हेच आमचे मागणे.