रोह्याचे चिंतामणराव : वनस्पतिशास्त्राचा एक विसरलेला विद्यार्थी

पेण-रोहा परिसरातील आपल्या वाचकांना डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव नवे नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडणारे अर्थमंत्री, एवढी त्यांची ओळख शाळेतल्या मुलांनाही असते. परंतु विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र नव्हे, तर वनस्पतिशास्त्र शिकून नाव मिळवले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी, रायगड किल्ल्याच्या परिसरात झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. बालपण रोह्यात गेले. कुंडलिकेचे पात्र, खाडीलगतची खारभूमी, भाताची खाचरे आणि त्यामागे चढत जाणारे डोंगर हा त्या मुलाचा भोवताल होता. साग, ऐन, किंजळ, कुडा, करवंद ही नावे आपल्याकडील मुलांना पुस्तकाआधी कळतात. कुड्याच्या शेंगांची भाजी ज्या घरात होते, त्या घरातील मुलाला कुडा कोणी वेगळा शिकवावा लागत नाही.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. त्या काळी तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते ए. सी. स्यूअर्ड, दगडात गोठलेल्या प्राचीन वनस्पतींचे जगन्मान्य अभ्यासक. १९१७ साली चिंतामणरावांनी वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. कोकणातील एका विद्यार्थ्याने परक्या भूमीत, परक्या झाडाझुडपांच्या अभ्यासात हे यश मिळवावे, ही लहान गोष्ट नव्हती.

येथेच त्यांच्या आयुष्याची वाट फुटते. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले आणि प्रयोगशाळा मागे पडली. त्या काळच्या बुद्धिमान भारतीय तरुणापुढे याहून मोठा मान नव्हता, हे खरे. तरीही देशाने एक उत्तम प्रशासक मिळवताना एक वनस्पतिशास्त्रज्ञ गमावला, असे वाटल्यावाचून राहत नाही. अर्थात हे वाटणे आपले. वनस्पतींशी त्यांचे नाते तुटले नव्हते.

मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी डेप्युटी कमिशनर आणि सेटलमेंट ऑफिसर म्हणून काम केले. सेटलमेंट म्हणजे जमिनीचा कस आणि पीक पाहून साऱ्याचा दर ठरवणे. त्या प्रांताच्या छत्तीसगढ भागात शेतकरी मातीला कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशा नावांनी ओळखतात. कोणत्या मातीत धान तगेल आणि कोणत्या मातीत करपेल, हे ती नावेच सांगतात. अशा कामात मातीचा अंदाज चुकला तर गरीब कुळाच्या ताटातील घास जातो. भूगर्भ आणि वनस्पती दोन्ही शिकलेल्या अधिकाऱ्याला हे उमजण्यास वेळ लागला नसणार.

त्यापुढील इतिहास सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, १९४४ साली ब्रेटन वुड्स परिषदेत ते सहभागी झाले, १९५० साली अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत आपल्याच कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठवले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या धोरणाविरुद्ध १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला.

या धावपळीत बागकाम हा त्यांचा आवडता छंद टिकून राहिला, आणि संस्कृतही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. या अनुवादाकडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले की त्याची गोडी वाढते. त्या काव्यातील यक्ष मेघाचे स्वागत ताज्या कुटजपुष्पांनी करतो. हा कुटज म्हणजे आपला कुडाच! केवड्याची कुंपणे, कदंबाचा बहर, पिकलेल्या जांभळांची वने हे सारे त्या काव्यात आहे आणि यातील बरेचसे रोह्याच्या आसपासही आहे. काव्यातील झाड नुसते अलंकार नसते, ते ठरावीक ऋतूत, ठरावीक मातीत फुलणारे झाड असते, याची जाण असलेला अनुवादक कालिदासाला क्वचितच लाभला असेल.

१९५७ ते १९६० या काळात ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. भारतातील सामान्य वृक्षांवरील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे पुस्तक १९६६ साली याच संस्थेने प्रसिद्ध केले. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींचा फादरांनी केलेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे चिंतामणराव १९५९ पासून अध्यक्ष होते. लोदी उद्यानाला लागून असलेल्या त्या वास्तूत हिरवळ आणि झाडे यांना भिंतींइतकेच स्थान आहे.

दरम्यान त्यांच्या रोह्याचे रूप पालटत गेले. धाटावला रासायनिक कारखाने आले, रोजगार आला, त्याबरोबर कुंडलिकेच्या पाण्याचा प्रश्नही आला. दुसरीकडे १९८६ साली मुरूड-रोहा तालुक्यांतील फणसाडचे जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू अजून तेथे नांदते. यापैकी अभयारण्य पाहण्यास चिंतामणराव नव्हते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले होते. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ते वाणिज्याचे आहे.