डॉ. भाऊ दाजी : धन्वंतरीचे अपुरे राहिलेले संशोधन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाड-पोलादपूरच्या रुग्णाला मुंबईचा इलाज हवा असेल, तर सावित्रीच्या खाडीतून बाणकोटमार्गे गलबताचा प्रवास करावा लागे. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला १८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांची लाख रुपयांची देणगी आणि सरकारी साहाय्य यांतून ते साकारले होते. त्याच वर्षी त्याला जोडून निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड होते.

सरकारी सेवेत ते फार काळ राहिले नाहीत. लवकरच त्यांनी खासगी व्यवसाय मांडला आणि शहरातील नामवंत धनिक त्यांच्याकडे येऊ लागले. पण बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासमवेत गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही त्यांनी चालविला. आज वादात परस्परविरोधी ठरणाऱ्या सार्वजनिक आणि खासगी वैद्यकसेवा त्यांच्या दिनक्रमात सहज एकत्र नांदत होत्या. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत मिळकत बुडाली, तरी व्यवसाय सुटला नाही. मुंबईचे शेरीफपद त्यांना दोनदा लाभले. प्राचीन शिलालेखांचा व्यासंग तर वेगळ्या लेखाचा विषय.

त्यांचे मन खरे गुंतले ते महारोगात. समाज ज्यांना वेशीबाहेर ठेवी, त्या रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षे उपचार केले. औषध होते कोकणातील ओढ्याकाठच्या रानांत वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल. गुण येत असल्याची वार्ता पसरली, परंतु औषध कोणते, हे भाऊ दाजी उघड करीत नसत. पुरती खात्री होईपर्यंत थांबण्याची ही सावधगिरी समजण्याजोगी असली, तरी टीका झाली आणि ती सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. इतर रुग्णालयांना या उपचाराची पारख करण्याची संधीच मिळाली नाही.

पुढे पक्षाघाताने त्यांना गाठले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा संशोधन अपुरेच होते. याच जातीच्या तेलावर विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत, महारोगाचा उपचार जगभर बेतलेला होता. १९७५ पासून भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. जे. जे. रुग्णालयापासून ते फारसे दूर नाही.