पाचवा भिल्लम : सामंतपदाकडून सिंहासनाकडे

प्रास्ताविक

यादवकालीन मराठी वाङ्मयाचा अभ्यास करताना या वाङ्मयाला आधार देणारी राजसत्ता कशी उभी राहिली, हे पाहणे आवश्यक ठरते. या सत्तेचा पाया घालणारा पुरुष म्हणजे पाचवा भिल्लम. प्रस्तुत विभागात आपण त्याच्या कार्याचा परिचय करून घेणार आहोत.

सेउणदेश आणि सामंतपरंपरा

यादवांचे मूळ स्थान आजच्या नाशिक परिसरात होते. दृढप्रहार हा या घराण्याचा ज्ञात असा पहिला महत्त्वाचा पुरुष; त्याचे चंद्रादित्यपूर म्हणजेच आजचे चांदवड मानले जाते. त्याचा पुत्र सेउणचंद्र याने सेउणपूर वसवले. अभ्यासक त्याचा संबंध सिन्नरशी जोडतात. त्याच्याच नावावरून या प्रदेशाला सेउणदेश म्हणू लागले.

यादव प्रथम राष्ट्रकूटांचे आणि पुढे कल्याणीच्या चालुक्यांचे सामंत होते. महामंडलेश्वर हे त्यांचे बिरुद. सार्वभौम राजाला खंडणी देणे, युद्धात सैन्यासह हजर राहणे आणि ताम्रपटात त्याचे अधिराज्य मान्य करणे ही सामंताची कर्तव्ये होती. मात्र प्रदेशाचा महसूल, सैन्य आणि न्यायदान सामंताच्याच हाती असे. युरोपातील फ्रँक राज्यातही असेच घडले होते. राजाने प्रांतावर नेमलेले ड्यूक कालांतराने वंशपरंपरागत अधिपती झाले आणि 987 मध्ये त्यांपैकीच ह्यू कापे हा राजपदी आरूढ झाला. केंद्रसत्ता क्षीण झाली की प्रादेशिक अधिपती प्रबळ होतो, हे सूत्र दोन्हीकडे दिसते.

भिल्लमाचा उदय

मल्लुगीनंतर यादव घराण्यात वारसाहक्काचा कलह माजला. या कलहात भिल्लमाने वडिलोपार्जित गादीची वाट पाहिली नाही. त्याने कोकणातील व घाटमाथ्यावरील ठाणी जिंकून स्वतःचे बळ उभे केले आणि त्यानंतर घराण्याचे नेतृत्व आपल्याकडे घेतले.

त्याच सुमारास कल्याणीची सत्ता खिळखिळी झाली होती. कलचुरी बिज्जलाने बळकावलेले राज्य चौथ्या सोमेश्वराने परत मिळवले खरे. परंतु उत्तरेकडून भिल्लम आणि दक्षिणेकडून होयसळ वीरबल्लाळ अशा दोन सामंतांच्या कात्रीत तो सापडला. सुमारे 1187 मध्ये भिल्लमाने कल्याणीवर ताबा मिळवून स्वातंत्र्य पुकारले. देवगिरी हे त्याच्या राज्याचे केंद्र झाले. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालुक्यांसाठी तलवार उपसली, त्याच घराण्याने चालुक्यांची सत्ता संपुष्टात आणली.

यशाची मर्यादा

सार्वभौमत्व मिळवणे आणि ते टिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चालुक्यांच्या वारशावर वीरबल्लाळानेही हक्क सांगितला होता. गदग येथील त्रिकुटेश्वर मंदिराला भिल्लमाने 1191 मध्ये दान दिले. तेथवर त्याचा अंमल पोहोचला होता, हे या दानलेखावरून सिद्ध होते. तथापि लवकरच सोरटूर व लोक्किगुंडीच्या परिसरात होयसळांनी यादव सैन्याचा पराभव केला. भिल्लमाची कारकीर्दही याच सुमारास संपली. दक्षिणेकडील गमावलेला प्रदेश परत मिळवण्याचे कार्य त्याचा नातू सिंघण याच्या वाट्याला आले.

सारांश

भिल्लमाला स्वतंत्र राजा म्हणून लाभलेला काळ अवघ्या चार-पाच वर्षांचा. त्याचा शेवटही पराभवाच्या छायेत झाला. तरीही त्याने गोदावरीच्या खोऱ्यातील एका सामंतकुळाला राजघराण्याचे स्थान मिळवून दिले. त्यामुळे दख्खनचे राजकीय केंद्र कल्याणीहून देवगिरीला, मराठी भाषकांच्या प्रदेशात आले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, 1290 मध्ये, याच घराण्यातील रामचंद्रदेवाच्या काळात नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथ राजाज्ञेने जन्मत नाहीत; पण त्यांना लागणारे स्थैर्य आणि श्रोतृवर्ग घडण्यास राजसत्तेचा हातभार लागतो. भिल्लमाचे महत्त्व या दृष्टीने ध्यानी घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. सामंताची कर्तव्ये व अधिकार स्पष्ट करा.
2. भिल्लमाच्या उदयास अनुकूल ठरलेल्या परिस्थितीचे विवेचन करा.