रानातले ध्यान आणि चारचौघांतले

कीर्तनाला बसावे, बुवांनी अभंग धरावा आणि आपली नजर दाराकडे! कोण आले, कोण उठले, कोणाचे लुगडे नवे. वहाणा मंडपाबाहेर आणि जीव त्या वहाणांत. माऊली, ज्याचे असे कधी झाले नाही असा वारकरी विरळाच. या भटक्या नजरेवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी काय इलाज केला, तो त्यांच्या चरित्रातच पाहण्यासारखा आहे.

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, अमरावतीजवळच्या यावली गावचा. घरचे नाव माणिक. आई मंजुळाबाई, वडील बंडोजी. शाळा तिसरीपर्यंत. पोराचा ओढा पाटीपेक्षा भजनाकडे आणि खंजिरीकडे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटले, तेच नाव जन्मभर राहिले.

गुरू गेले आणि हे पोर रानात शिरले. चांद्याकडची रामदिघी, चिमूर भागातली गोंदोड्याची गुहा, अशा ठिकाणी त्यांनी तप केले. तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती. ती 1982 साली झाली. साग, बांबू नि मोहाचे ते रान, ताडोब्याच्या वाघाचा मुलूख. तिथे डोळे मिटून बसायचे म्हणजे थट्टा नव्हे! त्या मुलखात चैत्रात पहाटे मोह वेचायला वाकलेली बाई चार पावलांवर मान वर करून चहूकडे बघते, आजही बघते. तिची नजर फिरते ती जिवासाठी. तिला कोणी चंचल म्हणू नये. आपली फिरते ती नुसत्या चाळ्याने, आणि हा फरक आपण सोयीने विसरतो.

पण महाराज रानात राहिले नाहीत. एकांतात मन बसले तरी माणसांत ते बसते की नाही, ही खरी परीक्षा. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तिथे सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. लहानथोर, सगळ्या जातींचे लोक रांगेने, मुकाट बसायचे. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. फक्त एक रिकामे आसन. आपण विटेवरच्या रूपाला डोळे लावणारे लोक, आपल्याला हे जरा कोरडे वाटते खरे. पण मोकळ्या आसनापुढे बसून पाहावे. मन किती पळते ते तिथेच कळते.

हे ध्यान डोळे मिटून जगाकडे पाठ फिरवणारे नव्हते. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर पेटले. त्यांच्या भजनांनी लोक उठले म्हणून सरकारने त्यांना पकडले आणि डिसेंबरपर्यंत नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवले. 1955 साली ग्रामगीता आली. तीत गावाची गटारे, भांडणे, कर्ज, व्यसने, सगळे दिसते. एकाग्र माणसाला जास्तच दिसते म्हणायचे!

11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीलाच त्यांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला तिथे मोठा जनसमुदाय जमतो आणि सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी सारे एकदम मौन धरतात.