‘ब्रह्मा’ ग्रहाचे गणित मांडणारे केतकर

अमेरिकेतील लोवेल वेधशाळेने मार्च १९३० मध्ये नेपच्यूनपलीकडे नवा ग्रह सापडल्याची घोषणा केली, तेव्हा ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर ७६ वर्षांचे होते. अशाच एका ग्रहाचे गणित त्यांनी १९ वर्षे आधी प्रसिद्ध केले होते.

१८५४ साली नरगुंद येथे जन्मलेल्या केतकरांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली. संस्कृत सिद्धांतग्रंथ आणि युरोपीय गणित यांचा मेळ घालून त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ सिद्ध केला. पंचांगातील ग्रह आकाशातील ग्रहाशी जुळलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अयनांशाच्या वादात चित्रापक्ष घेऊन त्यांनी रैवतपक्षाच्या लोकमान्य टिळकांशीही मतभेद पत्करला.

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा निबंध आला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला आढळलेले प्रमाण बाह्य ग्रहांना लावून त्यांनी दोन अज्ञात ग्रह सुचविले : ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचा प्रदक्षिणाकाळ त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला. प्लूटोचा आहे २४८.

गंमत अशी, की प्लूटोचा ठिपका १९०९ आणि १९१५ च्या छायाचित्रांत उमटलेला होता. तो ओळखू आला १९३० नंतर. केतकरांचे उत्तर जुळले तो योगायोगच, असे आज मानले जाते, आणि विष्णू तर सापडलाच नाही. तरी जवळ वेधशाळा नसताना केलेले ते धाडस लहान नव्हते. प्लूटोच्या घोषणेनंतर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, विजापूर येथे केतकर निवर्तले.